शेताच्या कडेचे रान : पहिले शेतकरी आणि रानफळे

महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या शेतकरी वस्त्यांच्या मातीत जव, गहू, मसूर आणि वाटाणा यांच्या जळालेल्या दाण्यांबरोबर बोराच्या आठळ्या सापडतात. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव हे अशा वस्त्यांचे सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी हे त्यामागचे प्रमुख अभ्यासक होते. वनस्पतींचे अवशेष मुकुंद काजळे यांनी तपासले. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी सुमारे ९०० वर्षे ही वस्ती नांदती होती. तेथील लोक पाट काढून पाणी खेळवत, धान्य साठवत, गुरे-मेंढ्या पाळत, आणि तरीही बोरे वेचून घरी आणत. नऊ शतकांत ही सवय सुटली नाही.

शेती आली आणि रान मागे पडले, असा सरळ क्रम पाठ्यपुस्तकांमुळे मनात बसलेला असतो. पुरावा मात्र सगळीकडे वेगळे सांगतो. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे भारतीय उपखंडातील शेतीच्या अगदी पहिल्या थरांतच जव-गव्हाच्या सोबत बोर आणि खजुराच्या बिया मिळाल्या. नर्मदाकाठच्या नावडातोलीला धान्य-कडधान्यांच्या ढिगात बोर आणि आवळा आहे. स्वित्झर्लंडमधील सरोवरकाठच्या नवाश्मयुगीन वस्त्यांत रानसफरचंदे मधोमध कापून वाळवलेली सापडली; ऑस्वाल्ड हेअर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकातच त्यांची नोंद केली होती. हे सगळे लोक शेती करणारे, कोठारे भरणारे होते. रानफळ त्यांच्या घरात केवळ चवीपुरते आलेले नव्हते. ते अन्नव्यवस्थेत नेमक्या जागी बसवलेले होते, आणि ती जागा कोणती हे समजून घेण्यासाठी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांइतका सोयीचा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हे तालुके रायगड जिल्ह्यात असले तरी समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. पूर्वेला भीमाशंकर, ढाक, राजमाचीचा कडा. पश्चिमेला माथेरान आणि प्रबळगड. मधून उल्हास, पेज आणि पाताळगंगा वाहतात. तळाला भाताची खाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरीचे वरकस माळ, आणि त्याहून वर रान, अशी जमिनीची तीन पट्ट्यांत मांडणी आहे. खाचरातून निघालेला माणूस दुपारच्या आत तिन्ही पट्टे चढून जाऊ शकतो. पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. इनामगावच्या परिसरात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास. इनामगाव ज्यात मोडते त्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या वस्त्या घाटाच्या पूर्वेला, प्रवरा-गोदावरी, भीमा आणि तापीच्या खोऱ्यांत आहेत. पण हा प्रदेश त्यांना परका नाही. इनामगावची घोड नदी भीमाशंकरच्या उत्तरेला सह्याद्रीच्या ज्या रांगेवर उगम पावते, त्याच रांगेचा पश्चिम उतार कर्जत तालुक्यात खांडसच्या बाजूला उतरतो. राजमाचीच्या पायथ्याची कोंढाणे लेणी पाहिली की दोन हजार वर्षांपूर्वीही ही घाटवाट वाहती होती, हे कळते. घाटावरचे बोर आणि घाटाखालचे जांभूळ यांच्यात एका दिवसाची चाल आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कर्जत-खालापुरातील ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाज म्हणजे ताम्रपाषाणयुगाचे जिवंत अवशेष, असे मानणे चुकीचे आणि अन्यायकारकही आहे. या समाजांना स्वतःचा इतिहास आहे. सावकारी, वनकायदे, कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्टीचे स्थलांतर आणि शहरी बाजार यांनी त्यांचे जगणे घडवले आणि बिघडवलेही. त्यांच्याकडून प्राचीन माणूस दिसत नाही. दिसते ते इतके की या हवामानात, या झाडांपासून, कोणत्या महिन्यात काय मिळू शकते आणि ते खाण्याजोगे करायला काय करावे लागते. झाडाचा बहर आणि पावसाची वेळ तीन हजार वर्षांत मुळापासून बदललेली नाही. तुलनेचा आधार तेवढाच आहे, आणि तेवढा पुरेसा आहे.

भात आश्विन-कार्तिकात कापले जाते. लहान शेतकऱ्याच्या कणगीतले धान्य माघ-फाल्गुनापर्यंत खाली बसू लागते आणि आषाढ-श्रावणात तळ दिसतो. नेमकी याच काळात लावणी असते, म्हणजे सर्वांत जड काम आणि सर्वांत रिकामी कणगी एकाच वेळी येतात. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने कर्जतच्या वाड्यांवर धान्यकोश उभे केले ते याच टंचाईवर उपाय म्हणून. आता रानाकडे पाहावे. चैत्रात मोहाची फुले गळतात. वैशाखात करवंदे काळी होतात, तोरणाची पांढरी फळे पिकतात, रायवळ आंबे उतरतात, फणस तयार होतो. ज्येष्ठात जांभूळ येते. उंबर मध्येमध्ये आधार देत राहतो. पहिल्या पावसाच्या तोंडावर शेवळे जमिनीतून वर येतात, मग रानभाज्या आणि पुढे कंद. धान्याच्या उतरत्या बाजूला रान चढत जाते. ही जुळणी कोणी योजून केलेली नसली तरी तिचा उपयोग योजूनच केलेला आहे. आंबा-फणसाच्या भरवशावर दोन वेळांपैकी एका वेळचे धान्य वाचवणे आणि ते लावणीसाठी राखून ठेवणे, हा घरातल्या बाईने केलेला हिशेबच असतो.

हाच हिशेब इनामगावला लावला तर वेगळे आणि फार बोलके चित्र उभे राहते. तेथील मुख्य पीक जव होते. जव रब्बीचे पीक. कार्तिकात पेरायचे आणि फाल्गुनात काढायचे. म्हणजे तेथील धान्याची ओढाताण कोकणासारखी पावसाळ्यात शिगेला न पोचता हिवाळ्यात, नवे पीक शेतात उभे असताना, व्हायची. बोर पिकते ते नेमके मार्गशीर्ष ते माघ या काळात. आवळाही त्याच सुमारास. इनामगावचे शेतकरी कुळथासारखी खरिपाची पिकेही घेत, त्यामुळे हिवाळा अगदी कोरडा जात नसणार. तरीही जवाच्या काढणीआधीचे दोन-अडीच महिने बोराने भरून काढले, हा तर्क बळकट आहे. कोकणातल्या भातकऱ्याला करवंद आणि मोह जे काम देतात, ते देशावरच्या जवकऱ्याला बोराने दिले. एखाद्या समाजाने कोणते रानफळ जवळ केले हे त्याच्या आवडीवरून ठरत नाही. पीक कोणत्या महिन्यात घरी येते, यावरून ते ठरते. पुरातत्त्वाच्या अहवालांत रानफळांची यादी परिशिष्टात टाकली जाते आणि पीकपद्धती मुख्य प्रकरणात येते. हे दोन्ही एकत्र वाचले जात नाहीत, ही या अभ्यासातली मोठी उणीव आहे.

इ.स.पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात इनामगावची घडी विस्कटली. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शिकार आणि भटके पशुपालन वाढले. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. या कारणाविषयी नंतरच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. कारण कोणतेही असो, त्या काळात टिकाव धरणाऱ्यांना रानाचे ज्ञान नव्याने शिकावे लागले नाही, कारण भरभराटीच्या काळातही ते वापरात होते. एखादा समाज शेतीत पूर्ण रमला असता आणि रान विसरला असता, तर पहिल्याच सलग दुष्काळात त्याला गाव सोडावे लागले असते.

फळाची खरी किंमत ते किती दिवस टिकते यावर असते. करवंद आणि जांभूळ झाडावरून तोंडात, फार तर दोन दिवस. बोर वाळते, कुटून बोरकूट होते आणि वर्षभर राहते. आवळा उकडून किंवा चिरून वाळवता येतो. १०० ग्रॅम ताज्या आवळ्यात ५०० ते ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि वाळवल्यावरही त्यातले बरेच शिल्लक राहते. कैरीच्या आंबोशा होतात, आंब्याच्या रसाची साठे होतात, फणसाच्या आठळ्या मातीत पुरून पावसाळ्यापर्यंत ठेवतात. आंब्याच्या कोयीतला गर कुटून, पाण्यात वारंवार भिजवून त्याचा तुरटपणा घालवायचा आणि पीठ करायचे, हे दुष्काळातले अन्न. बिब्ब्याच्या कवचातले तेल कातडी भाजून काढते, पण त्याच कवचाच्या आतली गोडंबी पौष्टिक असते. विषारी कवचातून गोड गर सहीसलामत काढणे हे कौशल्य भांडी घडवण्याइतकेच जुने असावे.

मोहाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण शेतकरी आणि रानझाड यांच्यातले नाते त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. मोहाची मांसल फुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालची जमीन आधी झाडून, पाचोळा जाळून साफ केली जाते. उजाडायच्या आत बायका आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात; उशीर झाला तर गुरे आणि रानडुकरे आधी येतात. फुले उन्हात पसरली की तांबूस-तपकिरी होतात, आकसतात आणि त्यांतील साखर दाट होते. मग ती मडक्यात भरून ठेवता येतात, उकडून खाता येतात, नाचणीच्या पिठात मिसळून भाकरी करता येते. पुढे त्याच झाडाच्या बियांतून तेल निघते. एकच झाड गोडवा, पोटभर अन्न आणि तेल देते, आणि त्यासाठी नांगर लागत नाही. पण श्रम लागतात: जमीन साफ करायची, पहाटे जागायचे, वाळवायचे, पाखरांपासून राखायचे. त्याला फुकटचे अन्न म्हणणे हे त्या बायकांच्या श्रमांकडे डोळेझाक करणे आहे. मोहाचे झाड कोणाचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. झाड रानात असले तरी त्याला वहिवाट असते. वेचण्याचा हक्क घराण्यात चालत येतो. म्हणजे शेताच्या मालकीइतकीच झाडाच्या मालकीची कल्पना जुनी असू शकते.

इतके महत्त्वाचे असूनही मोह उत्खननात दिसत नाही. उत्खननात टिकते ते बहुतेक जळून कोळसा झालेले. बोराची आठळी कठीण, खडबडीत, दोन कप्प्यांची; चुलीत पडली तरी आकार सोडत नाही आणि तीन हजार वर्षांनी ओळखू येते. आवळ्याची त्रिकोणी बीही टिकते. करवंदाच्या बारीक चपट्या बिया फळाबरोबर गिळल्या जातात. मोहाचे फूल शिजून पोटात जाते. जांभळाची बी अनेकदा रानातच थुंकली जाते, चुलीपर्यंत येतच नाही. पुन्हा, उत्खननातली माती पाण्यात कालवून तरंगणारे कण गाळून घेण्याची पद्धत जिथे वापरली नाही, तिथे लहान बिया हाती लागण्याची शक्यताच नव्हती. म्हणून अहवालांत बोर सगळीकडे दिसते आणि करवंद जवळजवळ कुठेच नाही, याचा अर्थ लोक करवंदे खात नव्हते असा होत नाही. जे कठीण ते उरले. रानफळांचा वाटा आपल्याला दिसतो त्याहून कितीतरी मोठा होता, असे धरूनच पुढचा विचार करावा लागतो.

वनस्पतींची जोडी लावून खाण्याचे ज्ञान तर मातीत मुळीच उमटत नाही. पावसाच्या तोंडावर कर्जत, नेरळच्या बाजारात ठाकर बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि त्यांच्या शेजारी हिरव्या आंबट काकडांचा वाटा असतो. शेवळ हा सुरणाच्या कुळातल्या कंदाचा फुलोरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि भाजी नीट केली नाही तर घसा खाजून बेजार होतो. म्हणून वरचे आवरण काढायचे, बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, उरलेले बारीक चिरून तेलात परतायचे आणि काकडे ठेचून काढलेला रस त्यात शिजवायचा. काकड हा रानातला मोठा वृक्ष. त्याचे फळ एकटे खायला फार आंबट. पण शेवळ जमिनीतून वर येते त्याच दिवसांत ते झाडावर तयार असते. दोन वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती, एक जमिनीखालची आणि एक उंच झाडावरची, एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत हे कधीतरी कोणीतरी ताडले. घसा खाजवून घेतल्याशिवाय ते कळणे शक्य नव्हते. आज ही भाजी कर्जतच्या वाडीपासून मुंबईतल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांपर्यंत मानाने होते, आणि विकणारी बाई काकडांशिवाय शेवळे देत नाही.

आता जमिनीकडे वळता येईल. रानफळ म्हटले की घनदाट अरण्य डोळ्यांपुढे येते, पण खाण्याजोगी बहुतेक झुडपे दाट सावलीत वाढतच नाहीत. बोर, करवंद, तोरण, तांबट यांना ऊन लागते. रान तोडून शेत केले, की त्या शेताच्या कडेला, पडीक टाकलेल्या तुकड्यावर, गुरांच्या वाटेवर ही झुडपे फोफावतात. करवंदीला काटे आणि चीक असल्याने गुरे तिला फारसे तोंड लावत नाहीत. चराईने बाकीची रोपे मरतात आणि करवंदीला मोकळे रान मिळते. वणव्यातून ती बुंध्यापासून पुन्हा फुटते. पक्षी, कोल्हे, उदमांजरे बिया पसरवतात. म्हणजे पहिल्या शेतकऱ्यांनी रान कमी केले आणि त्याच कृतीने रानफळांच्या झुडपांचे क्षेत्र वाढवले. इनामगावला बोरी मुबलक होत्या त्या शेती असूनही नव्हे, शेती होती म्हणूनच. माथेरानच्या माथ्यावरचे जांभूळ-अंजनीचे दाट, ओलसर रान आणि त्याच डोंगराच्या पायथ्याचा करवंदी-तोरणांचा माळ शेजारी ठेवून पाहिले, तर माणसाच्या वावराने कोणत्या झाडाला बळ मिळते हे विनासायास कळते.

झाडे तोडताना सगळी सारखी तोडली जात नाहीत. कर्जतच्या वरकसावर आजही नाचणीच्या शेतात मोह, आंबा, जांभूळ, हिरडा एकेकटे उभे दिसतात. ती लावलेली नाहीत, राखलेली आहेत. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात तेव्हा ऐन, किंजळ यांच्या फांद्या छाटून, त्यांवर गवत, पाचोळा आणि शेण पसरून वाफा भाजला जातो. तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. पण फळ देणाऱ्या झाडाला राबासाठी सहसा कोयता लावत नाहीत. हाच विवेक शतकानुशतके चालला तर रानाची रचनाच बदलते: उपयोगी झाडे टिकतात, त्यांतही गोड फळाची जास्त टिकतात, आणि त्यांचेच बी पसरते. पेरणी न करता केलेली ही निवड आहे. कोयता चालवताना कोणते झाड वगळले, यातही शेती आहे.

झुडपांचा उपयोग फळापुरता कधीच नव्हता. बोरी-करवंदीच्या काट्यांची वई शेताला आणि गोठ्याला. गेळाचे फळ कुटून डोहात टाकले की मासे गुंगतात. शिकेकाई आणि रिठा अंग-कपडे धुवायला, पळसाची पाने पत्रावळीला. डोंगरउतारावरची कारवी दर ७-८ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळते. तिच्या काठ्यांचे कूड उभे करून त्यावर शेणमाती लिंपली की ठाकरांच्या घराची भिंत तयार होते. इनामगावच्या घरांच्या भिंतींतही कुडाचा वापर होता. एकच काटेरी झुडूप कुंपण, सरपण, शेळीचा चारा आणि हिवाळ्याचे अन्न पुरवत असेल, तर त्याला बांधावरून काढून टाकण्याचे कारणच उरत नाही.

मग ही झाडे हजारो वर्षे हाताशी असूनही बागेत का आली नाहीत? धान्य आणि झाड यांच्या स्वभावात याचे उत्तर आहे. जवाचे पीक वर्षात हाती येते, स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून चांगला दाणा निवडला की पुढच्या वर्षी तसाच दाणा मिळतो. आंबा किंवा जांभळाला फळ धरायला अनेक वर्षे लागतात. परपरागीकरणामुळे गोड झाडाच्या बीपासून आंबट झाड निघू शकते. डॅनिएल झोहारी आणि पिन्हास श्पीगेल-रॉय यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की पश्चिम आशियात द्राक्ष, अंजीर, ऑलिव्ह आणि खजूर ही फळे धान्यानंतर हजारो वर्षांनी लागवडीत आली, आणि तीच आधी आली कारण ती फांदीपासून किंवा फुटव्यापासून सहज लावता येतात. आपल्याकडच्या रानफळांत ही सोय कमी. कलमाचे तंत्र आंब्यावर मोठ्या प्रमाणात वापरले गेले ते गोव्यात, पोर्तुगीज काळात; हापूस त्यातून घडला. कर्जतचा रायवळ त्याआधीच्या अवस्थेत आहे: प्रत्येक झाडाची चव वेगळी, आणि प्रत्येक झाडाला गावाने दिलेले वेगळे नाव. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जांभळाची ‘कोकण बहाडोली’ आणि करवंदाची ‘कोकण बोल्ड’ या जाती निवडून दिल्या, म्हणजे करवंद माणसाळण्याचे काम आत्ता, आपल्या पिढ्यांत सुरू झाले आहे. शेतीच्या आरंभाची एक शेवटची पायरी आपल्या डोळ्यांदेखत चढली जात आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष आहे.

या नात्यावर सर्वांत मोठा आघात एकोणिसाव्या शतकात झाला. १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारी झाले. राब तोडण्यावरून ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांच्या साठवणीवर आणि विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना लागू झाला. हेतू दारूचा महसूल राखण्याचा होता, फटका मात्र जेवणातल्या मोहालाही बसला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला, ही उशिरा का होईना, योग्य दिशेची दुरुस्ती आहे. पण वरकस जमिनी त्या कायद्याच्या कक्षेत फारशा येत नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून खालापुरात आणि पुढे कर्जतभर या जमिनी फार्महाऊस आणि वसाहतींसाठी विकल्या गेल्या. तारेच्या कुंपणाआड पहिल्यांदा जाते ती करवंदीची जाळी, मग रायवळ आंबा. वाडीतल्या माणसाचा वेचण्याचा वहिवाटी हक्क खरेदीखतात कुठेच लिहिलेला नसतो.

वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व आणि शेती या तिन्ही शाखांचे लोक एकत्र बसले तर काही कामे लगेच हाती घेता येतील. सह्याद्रीतल्या रानफळांच्या बिया नियंत्रित आचेवर जाळून त्यांचा तुलनासंग्रह तयार करणे, म्हणजे करवंद, तोरण, तांबट, काकड, हुंब यांचे जळके तुकडे उत्खननात आले तर ओळखता येतील. कोकणात यापुढे होणाऱ्या प्रत्येक उत्खननात, ते किल्ल्याचे असो की लेण्याचे, माती पाण्यातून गाळून पाहणे. जुन्या अहवालांतील फळांच्या याद्या पिकांच्या हंगामाशेजारी ठेवून पुन्हा वाचणे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव ज्या नोंदवह्या करायच्या आहेत, त्यांत झाडाच्या नावापुढे ते कोणत्या महिन्यात पिकते, कसे टिकवतात आणि कोणाची वहिवाट आहे हे रकाने भरणे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने भाताचे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोचवले. त्याच तालुक्यातल्या रायवळ आंब्यांची आणि मोहांची झाडनिहाय नोंद व्हायला हवी. ही माहिती आज ज्यांच्याकडे आहे त्या बहुतेक वयस्क बायका आहेत, आणि त्यांच्या सुना-नातवंडांचा उन्हाळा आता वीटभट्टीवर जातो. तेव्हा हे काम येत्या चैत्रात, मोह गळायच्या आत, सुरू व्हावे आणि नोंद करणाऱ्यांत पहिली नावे त्या बायकांची असावीत.